पायथनमधून फॉन्ट लायब्ररी वापरताना स्क्रिप्ट कोसळते? दोष असा शोधा

प्रमाणपत्रांवर मुलांची नावं छापणारी माझी स्क्रिप्ट लॅपटॉपवर दोन आठवडे बिनतक्रार चालली. सर्व्हरवर चढवली आणि पहिल्याच नावाला ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (प्रोग्रामने नको त्या मेमरीला हात लावला) एवढे दोन शब्द उमटवून गप्प झाली. ओळ क्रमांक नाही, ट्रेसबॅक नाही. संशय अर्थातच फॉन्टवर गेला आणि निम्मी दुपार फॉन्ट बदलून पाहण्यात गेली. फॉन्ट बिचारा निर्दोष होता.

लिनक्सवर हे काम तीन लायब्रऱ्या वाटून घेतात. फॉन्टकॉन्फिग हवा तो फॉन्ट शोधून देते, फ्रीटाइप त्याची फाइल उघडून अक्षराची आकृती काढते आणि हार्फबझ जोडाक्षरं-वेलांट्या जागच्या जागी बसवते. तिन्ही पायथनच्या सीटाइप्स मोड्यूलमधून थेट वापरता येतात. अडचण अशी, की लायब्ररीच्या तयार फाइलमध्ये फंक्शनचं नाव असतं. ते काय घेतं आणि काय परत देतं याची नोंद नसते. ती माहिती तुम्ही द्यायची. चुकीची दिलीत तरी कोणी अडवत नाही, सरळ पुढे जाऊन आपटतं.

(फंक्शनांची नावं इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच मूळ रोमन स्पेलिंगने लिहायची.)

आधी कोसळण्याची जागा पक्की करा

पायथनमध्ये ३.३ पासून फॉल्टहँडलर आहे. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीतच तो चालू करा. मग कोसळतानाही पायथनची कोणती ओळ चालू होती ते छापलं जातं. मात्र त्या ओळीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मेमरी आधीच्या कॉलने बिघडवलेली असते आणि बळी पुढचा जातो. मी दाखवलेल्या ओळीच्या मागचे तीन-चार कॉल तरी तपासतो.

दुसरं, तेच काम पायथनशिवाय करून बघा. टर्मिनलवर एफसी-मॅच कमांडला फॉन्टचं नाव द्या. तिथं उत्तर नीट आलं, तर लायब्ररी आणि फॉन्ट ठीक आहेत, घोळ तुमच्या कोडमध्ये आहे. कमांडच सापडली नाही, तर बहुधा तुम्ही डॉकरच्या एखाद्या ‘स्लिम’ इमेजवर आहात. तिथं फॉन्टकॉन्फिगही नसतं आणि देवनागरी फॉन्टही नसतो. डेबियनवर फॉन्टकॉन्फिग आणि फॉन्ट्स-लोहित-देवा ही दोन पॅकेजं टाकली की भागतं.

लायब्ररी सापडते का?

लायब्ररीची फाइल शोधणाऱ्या फाइंड-लायब्ररी फंक्शनने ‘नन’ (काहीच नाही) दिलं तर ते तपासून तिथंच थांबा. लायब्ररी उघडणाऱ्या लोडरला ‘नन’ दिलं, तर लिनक्सवर तो तक्रार न करता चालू प्रोग्रामच उघडून देतो, आणि मग ‘फंक्शन सापडत नाही’ असा भलताच एरर येतो. ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर होमब्रू (पॅकेजं बसवणारं साधन) आपल्या लायब्रऱ्या वेगळ्या फोल्डरात ठेवतं, त्यामुळे तिथं पूर्ण पाथ द्यावा लागू शकतो. विंडोजवर एरर १९३ आला तर ३२ आणि ६४ बिटची सरमिसळ झाली असं समजा. १२६ आला तर ती डीएलएल (विंडोजवरची लायब्ररीची फाइल) किंवा ती ज्यांच्यावर अवलंबून आहे त्यांपैकी एखादी मिळत नाहीये. पायथन ३.८ पासून डीएलएल शोधण्याचे नियम बदलले आहेत, फोल्डर ॲड-डीएलएल-डिरेक्टरीने सांगावा लागतो.

खरा चोर: रेसटाइप

माझा दोष इथं होता, आणि पाहिलेल्या दहांतल्या सहा-सात प्रकरणांत तो इथंच असतो. रेसटाइप म्हणजे फंक्शन काय परत देतं हे सीटाइप्सला सांगणारी नोंद. ती दिली नाही, तर सीटाइप्स असं धरून चालतं की प्रत्येक फंक्शन एक साधा पूर्णांक परत देतं, ३२ बिटांचा. फॉन्टचं नाव वाचून त्याचा ‘पॅटर्न’, म्हणजे वर्णन बनवणारं फॉन्टकॉन्फिगचं एफसीनेमपार्स मात्र परत देतं पॉइंटर, म्हणजे ६४ बिटांचा पत्ता. निम्मा पत्ता कापला जातो आणि उरलेला पुढच्या कॉलला दिला जातो. पिनकोडचे शेवटचे तीन आकडे गाळून पोस्टमनला पाठवण्यातला प्रकार.

ओळखायची सोपी खूण म्हणजे परत आलेली किंमत छापून बघणं. उणे चिन्ह लागलेला आकडा दिसला, तर तो पत्ता नाहीच. पत्ता कधी ऋण नसतो. मग लॅपटॉपवर कसं चालत होतं? तिथल्या पायथनला मेमरी खालच्या पत्त्यांवर मिळत होती, त्यामुळे पत्ता ३२ बिटांत मावत होता. निव्वळ नशीब.

उपाय दोन भागांचा आहे आणि लोक पहिलाच भाग करतात. पॉइंटर देणाऱ्या प्रत्येक फंक्शनचा रेसटाइप ‘सी-व्हॉइड-पी’ करा. पण एवढ्याने तुमच्या हातात पायथनचा साधा आकडा येतो. तो पुढच्या फंक्शनला देताना आर्गटाइप्स (फंक्शन काय घेतं याची नोंद) लिहिलेले नसतील, तर तिथं तो पुन्हा कापला जातो. (विंडोजवर निदान ‘ओव्हरफ्लो’ म्हणून ओरडा तरी होतो.) म्हणून जेवढी फंक्शनं वापरता तेवढ्या सगळ्यांचे आर्गटाइप्स आणि रेसटाइप फाइलच्या वरच एका जागी लिहून टाका. कंटाळवाणं काम आहे, पण तासाभराचंच.

फ्रीटाइपच्या बऱ्याच किमती सीमधल्या ‘लाँग’ असतात. लाँग ६४ बिटच्या लिनक्सवर ६४ बिटांचा, विंडोजवर ३२ चा. म्हणून ‘सी-लाँग’ लिहा, ‘इंट-६४’ नको.

मजकूर आणि त्याची लांबी

फॉन्टकॉन्फिगला यूटीएफ-८ बाइट हवेत. पायथनची स्ट्रिंग तशीच दिली तर रुंद अक्षरांच्या रूपात जाते आणि फॉन्टचं नाव पहिल्या अक्षरानंतर संपल्यासारखं दिसतं. आधी एन्कोड करा.

हार्फबझला मजकूर देताना लांबीचा घोटाळा तर अगदी आपल्या भाषेचाच. ‘मराठी’ या शब्दाची पायथनमधली लांबी ५, पण यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक घटक तीन बाइटांचा, म्हणजे १५ बाइट. लांबी म्हणून ५ दिलीत, तर ‘म’ येतो आणि ‘र’चे तीनपैकी दोनच बाइट, पुढे चौकोन. इंग्रजी नावांवर चाचणी घेणाऱ्याला हा दोष आयुष्यात सापडणार नाही. एन्कोड केलेल्या बाइटांची लांबी द्या.

कोणाची मेमरी, कोण मोकळी करणार

एफसीपॅटर्नगेटस्ट्रिंगने दिलेला फाइलचा पाथ त्या पॅटर्नच्या मालकीचा असतो. पॅटर्न नष्ट केल्यावर तो वाचलात तर कचरा मिळेल, म्हणून आधी किंमत काढून घ्या. तो पाथ स्वतः मोकळाही करायचा नाही.

उलटही होतं. फॉन्टची फाइल मेमरीत वाचून फ्रीटाइपला दिली, तर फ्रीटाइप तिची नक्कल करत नाही. पायथनने ते बाइट ‘आता कोणी वापरत नाही’ म्हणून साफ केले की पन्नासाव्या नावाला स्क्रिप्ट पडते, कधी सत्तराव्या. दर वेळी वेगळ्या जागी कोसळत असेल, तर हेच पहिल्यांदा बघा. फेस (फ्रीटाइपने उघडलेला फॉन्ट) बंद होईपर्यंत त्या बाइटांना एखाद्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा.

कोसळत नाही, पण अक्षरं चुकतात

फ्रीटाइपचं प्रत्येक उत्तर तपासा. ० म्हणजे यश, १ म्हणजे फाइल उघडली नाही, २ म्हणजे फाइलचा प्रकार ओळखला नाही. अक्षराचा आकार पॉइंटच्या ६४व्या भागात सांगायचा असतो. २४ पॉइंट हवे तर १५३६. नुसते २४ दिलेत तर १ पॉइंटचा ठिपका येईल आणि एरर मात्र येणार नाही.

एफसीफॉन्टमॅच ‘सापडला नाही’ असं सहसा म्हणतच नाही, जवळचा वाटेल तो फॉन्ट देतं. नावात एक अक्षर चुकलं की देजावूसारखा भलताच फॉन्ट हातात येतो आणि देवनागरीच्या जागी चौकोन. मिळालेल्या फॉन्टचं नाव परत विचारून पडताळा. मराठी येणारे फॉन्ट कोणते, ते एफसी-लिस्टला भाषेचा एमआर हा कोड दिला की कळतं.

अक्षराचा फॉन्टमधला क्रमांक देणाऱ्या एफटी-गेट-कॅर-इंडेक्सने ‘क’साठी ० दिलं, तर फॉन्टमध्ये युनिकोडचा ‘क’ नाही. जुने शिवाजीसारखे फॉन्ट असे असतात: आकृती मराठी, पण त्या इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेल्या. तिथं कोड दुरुस्त करून उपयोग नाही, फॉन्टच बदला.

शेवटी ‘कि’ छापून बघा. वेलांटी ‘क’च्या नंतर आली, तर तुम्ही फ्रीटाइपला एकेक अक्षर देताय आणि हार्फबझ वापरतच नाही. हार्फबझ असेल तर वेलांटीचा ग्लिफ (आकृती) आधी येतो आणि दोन्ही ग्लिफांचा क्लस्टर क्रमांक (मूळ मजकुरातली जागा) ० असतो. फ्रीटाइपच्या फेसवरून हार्फबझचा फॉन्ट बनवला असेल, तर अंतरं ६४ ने भागायला विसरू नका. आणि मध्येच अक्षराचा आकार बदललात, तर एचबी-एफटी-फॉन्ट-चेंज्ड बोलवा, नाहीतर नाव नव्या आकारात येईल पण दोन अक्षरांमधलं अंतर जुनंच राहील.