दिवाळी अंकाला लेख पाठवण्यापूर्वी

दिवाळी अंकासाठीचा लेख बहुधा मुदतीच्या आदल्या रात्री हातावेगळा होतो. त्या घाईत शुद्धलेखन तपासले जाते, शब्द मोजले जातात. हक्कांचा विचार मात्र राहून जातो. अनेक वर्षे अंकाच्या संपादनाचे काम केल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, हा विचार लेख पाठवण्याआधी आणि कागदावर व्हायला हवा.

सर्वप्रथम लेखाचा हक्क आपल्याकडे आहे का, हे पाहावे. भारतीय कॉपीराइट कायदा, 1957 नुसार लेखनाचा पहिला हक्कदार लेखक असतो आणि त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. मात्र आपण एखाद्या नियतकालिकात नोकरीला असाल आणि लेख त्या कामाचा भाग म्हणून लिहिला असेल, तर वेगळा करार नसल्यास नियतकालिकात प्रसिद्ध करण्यापुरता हक्क मालकाचा असतो. पुस्तकाचा हक्क तेव्हाही लेखकाकडेच राहतो. लेख पूर्वी कुठे छापून आला असेल, तर तेथे काय ठरले होते ते जुने पत्र काढून वाचावे आणि नव्या संपादकांना तसे आधीच कळवावे.

यानंतर लेखात दुसऱ्याचे काय काय आले आहे, ते हातात पेन्सिल घेऊन शोधावे. सर्वाधिक गोंधळ कवितांच्या बाबतीत होतो. ‘चार ओळींपर्यंत परवानगी लागत नाही’ असे सर्रास सांगितले जाते, पण कायद्यात ओळींचा असा कोणताही आकडा नाही. कलम 52 समीक्षेसाठी रास्त प्रमाणात अवतरण देण्याची मुभा देते. म्हणजे ज्या ओळींविषयी आपण काही म्हणत आहोत, त्या कवीच्या नावासह देता येतात, परंतु पान सजवण्यासाठी अख्खी कविता चौकटीत छापणे त्यात बसत नाही. मुदतीचा हिशेबही करावा. लेखकाच्या निधनानंतर येणाऱ्या 1 जानेवारीपासून पुढे 60 वर्षे हक्क टिकतो. मर्ढेकर 1956 मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता 2017 पासून खुल्या झाल्या. कुसुमाग्रज 1999 मध्ये गेले, म्हणून त्यांच्या कवितांवरचा हक्क 2059 अखेरपर्यंत राहील. उतारा अनुवादित असेल, तर मूळ लेखक आणि अनुवादक अशा दोघांचेही हक्क तपासावे लागतात, आणि हे फार थोडे लेखक करतात.

छायाचित्रांबाबत थोडक्यात सांगायचे तर, इंटरनेटवर सापडलेले चित्र फुकटचे नसते आणि ‘साभार’ एवढे छापल्याने परवानगी मिळत नाही. घरच्या समारंभासाठी पैसे देऊन स्टुडिओकडून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, उलट करार नसल्यास, फोटो काढून घेणाऱ्याचा असतो. बाकी प्रत्येक चित्रासाठी हक्कदाराची लेखी संमती घ्यावी आणि तिची प्रत लेखासोबत जोडावी.

आता लेखासोबत जाणाऱ्या पत्राकडे वळू, कारण सगळ्या तयारीत मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. ‘हा लेख अमुक वर्षाच्या दिवाळी अंकात एकदा प्रसिद्ध करण्यास माझी संमती आहे, ई-अंक, पुस्तक, अनुवाद व श्राव्य रूप यांचे हक्क मी स्वतःकडे ठेवत आहे’ एवढी दोन वाक्ये त्यात पुरतात. लेख चालू आर्थिक, राजकीय, सामाजिक किंवा धार्मिक विषयावर असेल, तर ‘पुनर्मुद्रणाचा हक्क राखीव’ अशी ओळ लेखाखालीही छापून घ्यावी. तशी स्पष्ट नोंद नसल्यास असा लेख दुसऱ्या नियतकालिकाला पुन्हा छापण्याची मोकळीक कलम 52 देते.

मानधनाची पावती सही करण्यापूर्वी शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. एका लेखिकेने मला आपली जुनी पावती दाखवली होती. रेव्हिन्यू स्टॅम्पवर त्यांची सही होती आणि तिच्या वर, मानधनाच्या आकड्यापेक्षाही बारीक अक्षरांत, ‘सर्व हक्कांसह’ असे छापलेले होते. स्वतःचाच लेख संग्रहात घेण्यासाठी त्यांना कित्येक महिने पत्रव्यवहार करावा लागला. हक्क लेखी आणि लेखकाच्या सहीनेच दुसऱ्याकडे जातात, म्हणून त्या सहीला एवढे मोल आहे. कोणते हक्क, किती काळासाठी आणि कोणत्या प्रदेशापुरते, हे करारात लिहिलेले असावे. काळ लिहिला नसेल तर कायदा 5 वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. न पटणारी ओळ खोडून, शेजारी छोटी सही करून, मगच पावती परत पाठवावी. असे केल्याने संपादक दुखावले जातील, ही भीती बाळगू नये. मला तरी अशा लेखकांविषयी नेहमी आदरच वाटला आहे.

मुद्रिते, म्हणजे छपाईआधी तपासायच्या प्रती, मागून घ्यावीत. हक्क दिल्यानंतरही लेखावर आपले नाव असण्याचा आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा अधिकार कलम 57 नुसार लेखकाकडे राहतो, पण ती हरकत छपाईआधी घेतलेली बरी. शीर्षक, नाव, ऋणनिर्देश आणि राखीव हक्काची ओळ जागेवर आहेत, हे पाहून उत्तर त्याच दिवशी ईमेलने कळवावे, आणि त्या ईमेलची छापील प्रत पत्र, संमतिपत्रे व पावतीसोबत एकाच पाकिटात ठेवून पाकिटावर अंकाचे वर्ष लिहावे.