माशीने मासा: ऑक्टोबरात तीर्थनकाठी

मी वाशिष्ठीकाठचा. गळ टाकायचा म्हणजे गांडूळ, शिसं आणि बसून राहणं, एवढंच ठाऊक होतं. हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउटमागे लागलो आणि हे तिन्ही विसरावं लागलं. इथे गळालाच पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी केलेली असते. तिला वजन जवळजवळ नसतं, वजन असतं लाइनला, म्हणजे रॉडवरच्या जाड दोरीला. म्हणून शिसं भिरकावतो तसं फेकून चालत नाही. रॉड मागे नेला की थांबा, लाइन मागे सरळ होऊ द्या, मगच पुढे आणा. पहिल्या वर्षी मी हे थांबणंच गाळलं आणि सकाळभर काठच्या झाडातून माशा सोडवत बसलो.

जायचं दसऱ्यानंतर. पावसाचं गढूळ पाणी तोवर निवळलेलं असतं. पण ऑक्टोबर संपेपर्यंतच. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउट धरायला बंदी असते. आपला दसरा होतो त्याच दिवशी कुल्लूचा सुरू होतो आणि आठवडाभर चालतो, तेव्हा खोली आधीच ठरवा. मनालीच्या बसने औटच्या बोगद्याअलीकडे उतरायचं, मग बंजार, पुढे गुशैणी. मत्स्य विभागाचा परवाना घ्या आणि त्यावरच्या अटी वाचा.

सामान थोडकं: नऊ फुटी, पाच नंबरचा (म्हणजे पाच नंबर वजनाची लाइन पेलणारा) रॉड, तरंगणारी लाइन, पुढे नऊएक फूट बारीक तंगूस. माशा १४ आणि १६ नंबरच्या (आकडा मोठा तितका गळ लहान). वर तरंगायला एल्क हेअर कॅडिस, बुडवायला फेझंट टेल. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही.

पहाटे उठून धावू नका. ऑक्टोबरात पाणी बर्फासारखं असतं, मासा सुस्त असतो. चहा प्या, पराठा खा, ऊन पाण्यावर येऊ द्या. अकरा ते तीन ही खरी वेळ.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून खालच्या अंगाने, त्याच्या पाठीमागून जायचं आणि माशी वरच्या अंगाला टाकायची. मोठ्या धोंड्यामागे, वेगवान आणि संथ पाण्याच्या शिवेवर टाका. लांब फेकण्याची हौस नको. माझे बहुतेक मासे पंचवीस-तीस फुटांच्या आतलेच. खरी मेख पुढे आहे. मधलं वेगवान पाणी लाइन ओढतं, लाइन माशीला ओढते आणि माशी पाण्यावर रेघ मारत पळते. असं पळणारं किडूक मासा सहसा घेत नाही. म्हणून माशी पडताच रॉडचं टोक उचलून लाइनचा झोळ प्रवाहाच्या उलट दिशेला ठेवा. दोनतीन सेकंद मोकळी वाहिली तरी पुरे. बुडती माशी असेल तर लाइन जिथे पाण्यात शिरते तिथे नजर ठेवा; ती क्षणभर अडखळली की हलकेच रॉड उचला. दगड निघाला तर निघाला.

मासा ओल्या हातानेच धरा, पाण्यातच ठेवा, तोंड प्रवाहाकडे करा. दम आला की तो स्वतःच निसटतो.

महिनाअखेरीस उथळ पाण्यात गोट्यांचा एखादा पट्टा भोवतालच्या शेवाळलेल्या गोट्यांपेक्षा उजळ, घासल्यासारखा दिसतो. मादीने अंडी घालायला शेपटीने तो उकरलेला असतो. त्यावर पाय देऊ नका, तिथल्या जोडीवर माशीही टाकू नका. काठावर चढा आणि वळसा घालून पुढच्या डोहाकडे जा.