बांध कापण्याआधी जांभळी फुलं बघून घ्या

पाऊस ओसरू लागला की बांध साफ करायची घाई होते. ग्रास कटर काढण्याआधी एकदा सकाळी उन्हं वर आल्यावर बांधावरून चालत जा. शरपुंखा (काही भागांत हिलाच उन्हाळी म्हणतात), सहदेवी, पाणथळ कडेला काटेरी तालिमखाना, असं बरंच जांभळं या दिवसांत फुललेलं असतं. त्यातला निदान एक पट्टा बी धरेपर्यंत राखा.

वांगी-टोमॅटोवाल्यांनी तर राखाच. वांगी-टोमॅटोच्या फुलांत पराग उघड्यावर नसतात. परागकोशाच्या टोकाला बारीक छिद्र असतं आणि फूल धरून अंगाची थरथर केली, की मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसे पराग सांडतात. सातेरी, आग्या या मधमाश्यांना ही थरथर जमत नाही, त्यामुळे शेतात मधपेटी ठेवली म्हणजे हे काम झालं असं नाही. ते करतात निळे पट्टे असलेली एकांडी माशी आणि काळा भुंगा. पहिली बांधाच्या मातीत बीळ करते, दुसरा वाळक्या लाकडात किंवा बांबूत. वांग्याला फुलं नसतील तेव्हा दोघांना खाणं बांधावरच मिळतं. संध्याकाळी काडीला जबड्याने धरून ओळीने झोपलेल्या माश्या दिसल्या तर ते निळपट्टीचे नर, हलवू नका.

फुलांवर तरंगणारी, गांधीलमाशीसारखी पट्टेदार दिसणारी फुलमाशीही येते. तिच्या बऱ्याच जातींच्या अळ्या मावा फस्त करतात. तालिमखान्याच्या पानांवरच्या काटेरी अळ्या बहुधा फुलपाखरांच्या असतात, त्यांच्यासाठी फवारा काढू नका.

सगळे बांध एकाच दिवशी कापू नका. अर्धे आता, उरलेले बी पडल्यावर. पायवाटेची कड मात्र स्वच्छच हवी, साप कुठे आहे ते दिसलं पाहिजे. पिकावर फवारणी टाळता येत नसेल तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी करा आणि वारा बांधाकडे असेल तर त्या दिवशी थांबा. तणनाशक बांधावर नकोच. कुठेतरी हातभर माती उघडी राहू द्या, बिळांसाठी.

जांभळं ते सगळं राखायचं असं मात्र नाही. जलपर्णी दिसताच मुळासकट काढा. भुईरिंगणी वांग्याच्याच कुळातली, वांग्यावरच्या किडी तिच्यावर तग धरतात. ओसाडी या तणाचे फिकट जांभळे झुबके मिरची-टोमॅटोजवळ नकोत: पांढरी माशी आणि पानं आकसवणारे विषाणू त्यांच्यावर टिकून राहतात.

पुढच्या वर्षी पट्टा वाढवायचा असेल तर शरपुंख्यापासून सुरुवात करा. ती द्विदल आहे, मुळांवरच्या गाठींत नत्र धरते आणि हिरवळीचं खत म्हणून गाडताही येते. शेंगा तपकिरी झाल्या की तडकण्याआधी तोडा. बियांचं कवच कडक असतं, म्हणून पेरण्याआधी त्या जाड वाळूत चोळून घ्या.