नागपुरात नव्याने आलेल्या नेमबाजांसाठी: रिव्हॉल्व्हर घेण्याआधी

कोल्हापूर, सांगली, पुण्याकडून बदली होऊन किंवा मिहान या उद्योग प्रकल्पातल्या नोकरीसाठी नागपुरात येणाऱ्यांत रेंजवर नेमबाजी करायची हौस असलेले बरेच जण भेटतात. मी स्वतः कोल्हापूरचा, आता कायमचा नागपूरकर. आमच्याकडे तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांची नावं ऐकतच पोरं मोठी झाली. 2024 मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेने ब्राँझ मिळवलं, तेव्हापासून तर ही हौस आणखी वाढली. हौस चांगलीच आहे. पण इथे आल्यावर ती कुठल्या वाटेने पुढे न्यायची हे कोणी नीट सांगत नाही आणि तीच चूक पुन्हा पुन्हा होताना दिसते.

चूक अशी, की माणूस आधी परवान्याच्या मागे लागतो. परवाना हातात पडला की दुकानात जातो आणि जे रिव्हॉल्व्हर काउंटरवर समोर ठेवलं जातं ते घेऊन येतो. दुकानदार म्हणतो, "सर, हे घ्या, हलकं आहे, कमरेला कळतसुद्धा नाही." तो खरंच सांगतो. ते कमरेला लावण्यासाठीच बनवलेलं असतं, 25 मीटरवरच्या टार्गेटसाठी नाही.

आपल्याकडे सर्वसाधारण परवान्यावर नवीन मिळणारी रिव्हॉल्व्हरं बहुतेक .32 बोअरची. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .32 सगळ्यांना माहीत आहे: नळी तीन इंच, सहा राउंड, मध्ये मोडून उघडायचं. 2014 मध्ये 'निर्भीक' आलं, वजन जेमतेम अर्धा किलो. 2023 मध्ये 'प्रबल' आलं, त्याचा सिलिंडर (गोळ्या भरायचं फिरतं चक्र) बाजूला उघडतो आणि पल्ला 50 मीटर सांगितला जातो. गोळी 50 मीटर जाणं आणि 50 मीटरवर हवी तिथे लागणं यात फरक आहे, एवढं लक्षात ठेवा. .22 मधलं 'निडर' तर अडीचशे ग्रॅमचं. रेंजवर हलकं हत्यार हातात स्थिर राहत नाही. धक्काही जास्त जाणवतो.

खरी अडचण साइटची, म्हणजे नेम धरायच्या खुणांची. पुढची माशी आणि मागची खाच यांत समजा 120 मिलिमीटर अंतर आहे आणि माशी एक मिलिमीटर बाजूला गेली, तर 25 मीटरवर गोळी सुमारे एकवीस सेंटीमीटर बाजूला जाते. तेच अंतर 220 मिलिमीटर असेल, म्हणजे स्पर्धेच्या नियमात चालतं तेवढं, तर सव्वाअकरा सेंटीमीटरच्या आसपास. आणि 25 मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ किती? व्यास फक्त पाच सेंटीमीटर. आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरने तिथे सातत्याने मारणं अनुभवी हातालाही जड जातं; नव्या माणसाला तर आपलं काय चुकतंय तेच समजत नाही. त्यात या रिव्हॉल्व्हरांची मागची साइट पक्की बसवलेली असते. गोळ्या खाली-डावीकडे जात असतील तर साइट फिरवून दुरुस्त करायची सोय नाही, तुम्हीच वर-उजवीकडे धरायचं.

तिसरी गोष्ट ट्रिगर. 25 मीटरच्या सेंटर फायर (मोठ्या बोअरच्या) स्पर्धेत ट्रिगरचं वजन, म्हणजे चाप ओढायला लागणारा जोर, किमान एक किलो लागतं आणि चांगली मॅच (खास स्पर्धेची) हत्यारं त्याच्या जेमतेम वर सेट केलेली असतात. साध्या रिव्हॉल्व्हरचा घोडा (मागचा हॅमर) न चढवता चाप ओढला तर चार-पाच किलो जोर लागतो. घोडा आधी चढवला तर चाप बराच हलका होतो, म्हणून रेंजवर नेहमी घोडा चढवूनच मारा. या स्पर्धेच्या दुसऱ्या टप्प्यात टार्गेट तीन सेकंद समोर येतं आणि सात सेकंद वळलेलं राहतं. घोडा चढवायचा तो त्या सात सेकंदांत, नळी टार्गेटकडेच ठेवून.

माझ्या ओळखीचा सांगलीचा एक इंजिनिअर नागपुरात आला आणि कोणालाही न विचारता असलंच एक आखूड रिव्हॉल्व्हर घेऊन बसला. रेंजवर टार्गेटच्या मधल्या काळ्या वर्तुळातही गोळ्या बसेनात. विकायला गेला तर घेणाऱ्याकडे परवाना हवा, त्याच्या परवान्यावर जागा हवी, दोन्हीकडची परवानगी हवी. हत्यार वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलं, परवान्यावरची जागा अडली ती वेगळीच. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात. त्या दोनांतलं एक असं वाया घालवू नका. हे मी भेटेल त्याला सांगतो, इथेही सांगतो: आधी मारा, मग घ्या. आधी मारा, मग घ्या.

मारायचं कशाने? 10 मीटर एअर पिस्तूलने. .177 बोअर आणि 20 ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तूलला परवाना लागत नाही, ओळखपत्र पुरतं. तिथलं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं आहे. चाप दाबताना मनगट हललं की लगेच दिसतं. एक पूर्ण हंगाम एवढंच करा. मग क्लबच्या परवान्यावरचं .22 पिस्तूल प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली चालवून पाहा. त्यानंतरही रिव्हॉल्व्हरच हवं असं वाटलं तर ती हौस खरी.

आणि सरळ सांगतो, पदक हवं असेल तर रिव्हॉल्व्हर घेऊ नका. नियमात ते बसतं: 7.62 ते 9.65 मिलिमीटर बोअर, नळी 153 मिलिमीटरपर्यंत, वजन 1400 ग्रॅमपर्यंत. पण जसपाल राणांनी आशियाई स्पर्धांत 1994 ला हिरोशिमात आणि 2006 ला दोह्यात सेंटर फायरचं सुवर्ण मिळवलं त्या पातळीवर आज जवळजवळ सगळे मॅच पिस्तूलच वापरतात. रिव्हॉल्व्हर घ्यावं ते एकेक गोळी मन लावून मारण्याच्या आनंदासाठी. त्यासाठी लांब नळीचं, मागची साइट फिरवता येणारं, जरा वजनदार हत्यार शोधा. असं नवीन सहज मिळत नाही. ज्येष्ठ नेमबाजांकडून, त्यांनी नवं घेतल्यावर, जुनं मिळतं. म्हणून आधी रेंजवरच्या लोकांत मिसळा. आपली पश्चिम महाराष्ट्राची मंडळी इथे एकमेकांच्याच घरी जेवतात, आपलाच ग्रुप करून बसतात आणि मग नागपुरात कोणी मदत करत नाही म्हणतात. हे मला पटत नाही. इथला माणूस बोलायला मोकळा आणि वेळ द्यायला उदार आहे. सकाळी रेंजवर कोणासोबत तर्री पोहे खाल्लेत तर दुपारपर्यंत कोणाकडे कुठलं हत्यार विकायला आहे ते समजतं.

जुनं घेताना हे पाहा. हत्यार रिकामं आहे हे स्वतः डोळ्यांनी खात्री करून घ्या. घोडा हळू चढवा. तो पूर्ण चढण्याआधी सिलिंडर जागेवर अडकला पाहिजे. मग चाप दाबून धरून, घोडा अंगठ्याने सावकाश खाली सोडा आणि सिलिंडर बोटांनी हलवून पाहा. किंचित हालचाल चालते, खडखड नको. सिलिंडरच्या सहाही खाचांवर हेच करा, एका खाचेवर नीट आणि दुसरीवर ढिलं असं असतं. मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरची वरची कडी ढिली असेल तर ते परत द्या, किंमत कितीही कमी असो. नंतर रेंजवर मारून पाहताना शेजारच्या लेनवाल्याला बाजूने शिशाचे कण लागतात का विचारा. लागत असतील तर सिलिंडर आणि नळी एका रेषेत येत नाहीत. आणि पिस्तूलची सवय असलेल्यांनी डाव्या हाताचा अंगठा पुढे ठेवू नये. सिलिंडर आणि नळीमधल्या फटीतून तापलेला वायू जोरात बाहेर पडतो, कातडी फाटते.

परवान्याबद्दल थोडक्यात. शहर हद्दीत पोलीस आयुक्त, ग्रामीणमध्ये जिल्हाधिकारी. मुदत पाच वर्षं. गावाकडून परवाना घेऊन आला असाल तर पत्ता बदलल्याची नोंद इथे वेळेत करा, ढकलत राहू नका. पडताळणीला पोलीस शेजाऱ्यांना विचारतात, म्हणून शेजाऱ्यांची ओळख असू द्या. निवडणुकीच्या आचारसंहितेत हत्यार जमा करायचा आदेश आला तर लगेच करा आणि पावती जपा.

आता नागपूरची म्हणून एक खास सूचना, आणि ही मनावर घ्या. इथे रविवारी सकाळी रेंज आणि तिथूनच दुपारची सफारी असा बेत लोक आखतात, कारण उमरेड-कऱ्हांडला, पेंच, ताडोबा सगळं गाडीच्या टप्प्यात. रेंजची बॅग डिकीत राहते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार नेणं हा गुन्हा आहे. परवाना दाखवून सुटका होत नाही. सिवनीच्या बाजूला गेलात तर मध्य प्रदेशची हद्द लागते आणि तुमचा परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर तिथे तो चालत नाही. कोल्हापुरात राज्याची हद्द आणि जंगल जवळ असूनही आपल्याला हा विचार करायची सवय नसते. रेंजवरून आधी घरी या, हत्यार कुलपात ठेवा, मग कुठेही जा.

रेंजची बॅग दुसऱ्या कशालाच वापरू नका. तळाशी शिवणीत अडकलेलं एक काडतूस विमानतळाच्या एक्स-रेमध्ये दिसलं की विमान राहतं बाजूला आणि शस्त्र कायद्याखाली जबाब सुरू होतो. सणाला गावी जाताना महाराष्ट्र एक्सप्रेसलाही ती बॅग नको.

उन्हाचं शेवटी. मे महिन्यात पारा 45 च्या वरही जातो. सराव सकाळी सातला, नंतर तळहाताच्या घामाने ग्रिप फिरते. खडबडीत लाकडी ग्रिप घ्या, गुळगुळीत प्लास्टिकची नको. कोल्हापूरकडे घरोघरी कूलर नसतो, त्यामुळे त्याची ओल नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. कूलर लागलेल्या खोलीत कपाट असेल तर दोन महिन्यांत नळीच्या तोंडाशी तांबूस ठिपके दिसतात. कपाट आतल्या कोरड्या खोलीत हलवा, हत्यार चामड्याच्या म्यानातून काढून तेलाचा हात दिलेल्या सुती कापडात गुंडाळा, आणि पावसाळाभर दर आठवड्याला उघडून पुसा.