बॅरिअॅट्रिक (वजन घटवण्याच्या) ऑपरेशनची मंजुरी रखडली आणि वजन वाढतंय? माझा अनुभव

त्रास असा: विम्याच्या मंजुरीची वाट बघायची आणि काटा मात्र दर आठवड्याला थोडा वर. रात्रीचं जेवण सोडलं, तर उशिरा शेंगदाण्याच्या डब्यात हात जायचा. नुसत्या काकडी-ताकावर राहिलो तर चक्कर. वैताग आला होता.

लागू पडलं ते या क्रमाने. आधी डॉक्टरांकडून उंची, वजन, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) तारखेसह केसपेपरवर लिहून घेतलं. विम्यात बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त लागतो. ३५ चालतो, पण सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह किंवा झोपेत श्वास अडकण्यासारखा गंभीर आजार हवा. शिवाय बाकीचे उपाय फसल्याची नोंद. म्हणून आहारतज्ज्ञांचे कागदही त्याच फायलीत.

मग मधुमेहाच्या गोळ्यांचा डोस विचारला, कारण जेवण घटलं की साखर उतरू शकते.

त्यानंतरच ताट बदललं. आधी उसळ किंवा अंडी, मग भाजी, शेवटी एक मऊ भाकरी. कडक भाकरी बंद. कुरकुरत किती पोटात गेल्या ते कळतच नाही. शेंगा चटणी चहाच्या चमच्याने, एकच. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी, आणि आपण सोलापूरकर ती भाजीसारखी वाढून घेतो! चालणं ऊन चढायच्या आत. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, त्याच काट्यावर.

काटा थांबला, मग हळूहळू उतरला.

ऑपरेशनच्या तोंडावर सर्जन खूप कमी कॅलरीचा वेगळा आहार देतात. त्याने यकृत आकसतं आणि दुर्बिणीला जागा मिळते. तो आपल्या मनाने आधीच सुरू करू नका.