पेव्हर आणि खडीची बागवाट कशी करावी

बागेतली वाट खचली किंवा पेव्हर (पाऊल ठेवायची फरशी) पायाखाली डुगडुगायला लागला, की आपण पेव्हरला नावं ठेवतो. चूक बहुतेक वेळा त्याच्या खाली असते. त्यामुळे निम्म्याहून जास्त वेळ खोदण्यात आणि चोपण्यात जाणार, हे धरूनच काम हातात घ्या.

एका माणसासाठी ९० सेंमी रुंदी पुरते. दोघांना शेजारी चालायचं असेल तर १२० हवी. सरळ वाटेला खुंट्या ठोकून दोरी ताणा. वळणाच्या वाटेला पाण्याचा पाइप जमिनीवर टाका, मनासारखं वळण येईपर्यंत सरकवा आणि कडेने फक्की मारा. खालून नळ किंवा विजेची केबल गेली आहे का, ते कुदळ उचलण्याआधी पाहा. झाडाचं जाड मूळ आडवं आलं, तर ते तोडण्यापेक्षा वाट वळवलेली बरी.

आता खोली. खडीचा पाया १० सेंमी, त्यावर कच (दगडाची बारीक भरड) ३ सेंमी, पेव्हर ५ सेंमी. पेव्हर जमिनीपेक्षा सेंटिमीटरभर वर राहायला हवा, म्हणून १७ सेंमी खोदा. उतार इथेच, तळातच काढायचा: दर मीटरला २ सेंमी, आणि घराच्या भिंतीपासून बाहेरच्या दिशेने. वर येऊन उतार साधू म्हणाल तर थर कुठे जाड, कुठे पातळ होतात.

तळ चोपून घ्या आणि त्यावर जिओटेक्स्टाइल कापड (पाणी झिरपू देणारं, पण माती आणि खडी वेगळी ठेवणारं कापड) अंथरा. ते नसेल तर खडी हळूहळू मातीत रुतते. दोन्ही कडांना उभ्या विटा किंवा धातूची पट्टी बसवा. कडेशिवाय खडी वाफ्यात पसरते. मग बारीक चुरा मिसळलेली खडी ५-५ सेंमीच्या दोन थरांत टाका. प्रत्येक थरावर थोडं पाणी शिंपडून धुम्मसने चोपा. सगळी खडी एकदम टाकली तर वरचा भाग घट्ट होतो आणि तळ भुसभुशीत राहतो. चोपल्यावर खडी बसते, तेव्हा मागवताना हिशोबापेक्षा पाव भाग जास्त घ्या: ५ मीटर लांब, ९० सेंमी रुंद वाटेच्या पायाला ०.४५ घनमीटर लागते, तर मागवा साधारण ०.५६.

पायावर कच पसरून सपाट करा. मी इथे वाळू वापरत नाही, कारण वरची खडी वाळूत घुसते. पेव्हरमधलं अंतर घरातल्या सगळ्यात लहान पावलाच्या माणसाला चालवून ठरवा. मध्यापासून मध्यापर्यंत साधारण ६० सेंमी येतं. पेव्हर रबरी हातोड्याने ठोका, पाणसळ लावा, मग वर उभे राहा. हलला तर उचलून खाली कच भरा. हातोडा मारत बसून तो स्थिर होत नाही.

शेवटी मधल्या जागेत १० ते २० मिमीची, टोकदार कडांची खडी ४ सेंमी भरा. ती पेव्हरपेक्षा किंचित खाली राहते, त्यामुळे दगड वर येत नाहीत. माझ्या पहिल्या वाटेवर मी हौसेने गोल गोटे टाकले होते. दिसायला छान, पण पाऊल टाकलं की घरंगळायचे, आणि ढकलगाडी तर रुतूनच बसायची. टोकदार दगड एकमेकांत अडकून बसतात.

काही आठवडे चालणं झालं की खडी थोडी खाली बसेल. तेव्हा भर घालायला एखादं पोतं बाजूला ठेवा.