थरच्या वाळूत पाय ठेवताना

थरच्या वाळवंटात चालायला निघालात की पहिला सल्ला हमखास मिळतो: पाय आपटत चाला, साप आपोआप बाजूला होतात. नागाच्या बाबतीत हे बऱ्यापैकी खरं आहे. पण त्या वाळूत मला सगळ्यांत जास्त वेळा भेटलंय ते फुरसं, आणि फुरसं बाजूला होत नाही. ते वाळूच्या रंगाचं आहे आणि त्याचा त्या रंगावर पूर्ण भरवसा आहे. तुम्ही कितीही पाय आपटा, ते जागचं हलत नाही. त्यामुळे थरमध्ये सापापासून सांभाळायचं काम पायांपेक्षा डोळ्यांचं जास्त आहे.

मी गवतांच्या नोंदी करायला अकरा वर्षं जैसलमेर-बाडमेर भागात जाते. सेवण गवताचे ठोंब मोजायचे, बुडखा बघायचा, बी गोळा करायचं. म्हणजे उन्हाच्या वेळी फुरसं ज्या सावलीत बसतं, नेमका तिथेच मला हात घालायचा असतो. आजवर चावलं नाही, यात माझ्या हुशारीपेक्षा बांबूच्या काठीचा वाटा मोठा आहे. आधी काठी, मग नजर, मग हात. हा क्रम कंटाळा आला तरी मोडायचा नाही. दिवसाचा दोनशेवा ठोंब असला तरी नाही.

कोकणात फुरसं पाहिलेल्यांनी एक लक्षात ठेवावं, थरमधलं फुरसं अंगाने मोठं असतं. दीड-दोन फूट सहज भरतं, क्वचित त्याहून लांब. दोन्ही बाजूंना फिकट नागमोडी रेघ, डोक्यावर पक्ष्याच्या पावलासारखी खूण, डोळे मोठे आणि बाहुली उभी. हे सगळं फोटोत छान दिसतं. प्रत्यक्षात ते अंग वाळूत हलवत हलवत खाली जातं आणि वर डोळ्यांपुरतं डोकं उरतं. एकदा मी हे होताना पाहिलं, चांगलं दहा पावलांवरून. एका क्षणी साप होता, मग वाळूत एक जाडसर रेघ होती, मग तीही नव्हती. जागा पाठ असूनही मला ते डोकं पुन्हा सापडेना.

एक मेहेरबानी मात्र ते करतं. फार जवळ गेलात तर आवाज करतं. तोंडाने नाही, अंगाने. वेटोळी एकमेकांवर घासतं आणि बाजूच्या करवतीसारख्या खवल्यांचा चर्र आवाज येतो. जैसलमेरकडच्या खुडी गावाजवळ एका ढाणीबाहेर, म्हणजे वाळवंटातल्या छोट्या वस्तीबाहेर, रात्री नऊच्या सुमाराला मला तो पहिल्यांदा ऐकू आला, तेव्हा मला वाटलं कुणीतरी तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारलाय. आता एवढ्या उशिरा कोण भाकऱ्या करतंय, असं म्हणत मी वळणार, तेवढ्यात मागून आमचा उंटवाला हळूच म्हणाला, “मॅडमजी, बांडी है. हिलना मत.” फुरशाला तिकडे बांडी म्हणतात. ते माझ्या डाव्या बुटापासून हातभर अंतरावर होतं.

तेव्हा त्याने जे करायला लावलं तेच मी आज सगळ्यांना सांगते. थांबा. उडी मारू नका, कारण उडी कुठे पडणार हे तुम्हाला माहीत नसतं. आवाज कुठून येतोय ते टॉर्चने शोधा. साप दिसेपर्यंत पाऊल उचलू नका. दिसला की त्याच्याकडे तोंड ठेवून, आलात त्याच ठशांवरून मागे जा. ती वाळू तुम्ही नुकतीच तुडवलेली असते, एवढीच खात्रीची जागा तुमच्याकडे आहे. दोन-तीन मोठी पावलं मागे आलात की पुरे. मग वळसा घालायचा, तोही झुडपांच्या बाजूने नाही, उघड्या वाळूवरून. फोटो काढायचाच असेल तर इथून. काठीने डिवचायचं नाही, मारायचं तर नाहीच. ‘मेलेल्या’ सापाचं डोकंही काही काळ चावू शकतं.

आता टॉर्च. मोबाइलचा उजेड म्हणजे स्वतःची समजूत काढणं आहे. डोक्याला बांधायचा टॉर्चही मी चालताना कपाळावर लावत नाही, हातात घेऊन गुडघ्याच्या उंचीवर धरते. उजेड डोळ्यांच्या बाजूनेच पडला की वाळू सपाट दिसते, सावल्या मरतात. खालून तिरपा पडला की प्रत्येक उंचवट्याची लांब सावली पडते, बकरीची लेंडीसुद्धा उठून दिसते. वाळूवर पडलेलं फुरसं रंगाने ओळखू येत नाही, सावलीने येतं. हे एकदा करून बघा, पुन्हा कपाळावर लावणार नाही.

आणि हे सगळं लागू आहे ते रात्री तंबूतून परसाकडे जाताना. दिवसभर बूट घालून, काठी घेऊन शहाण्यासारखी चालणारी माणसं रात्री दोन वाजता चपला सरकवून, झोपेत, ‘इथेच तर आहे’ म्हणून झुडपामागे जातात. उन्हाळ्या-पावसाळ्यात फुरशाची शिकारीची वेळ तीच आणि झुडपाचा बुडखा ही त्याची आवडती जागा. माझा नियम असा की संध्याकाळी उजेड असतानाच जागा ठरवायची, झुडपापासून लांब, उघड्यावर. लाज वाटत असेल तर उजेड विझवून मान फिरवणारी मैत्रीण बरोबर न्या. बूट मात्र घालायचे, आणि घालण्याआधी उलटे करून आपटायचे. त्यातून विंचू निघण्याची शक्यता जास्त, पण तोही नकोच.

बूट घोट्याच्या वर येणारे, चामड्याचे किंवा जाड कापडाचे. वर सैल, जाड पँट. फुरशाचे दात बारीक असतात, सैल कापडात बरंच काही अडतं. घट्ट लेगिंग्जचा काही उपयोग नाही.

सकाळी ऊन चढायच्या आत आणि वारा सुटायच्या आत मुक्कामाभोवती एक चक्कर मारा. वाळू हे रात्रीचं हजेरीपुस्तक आहे. सरळ सरपटणाऱ्या सापाची एकच सलग वळणदार रेघ असते. फुरसं मऊ वाळूवर आडवं अंग टाकत जातं, त्यामुळे त्याच्या रेघा तुटक, तिरक्या आणि एकमेकींना समांतर, शिडीच्या पायऱ्या कुणी तिरप्या मांडाव्यात तशा. कडा धारदार असतील तर ठसा ताजा. एकदा अशा पायऱ्या माझ्या तंबूच्या दारापासून थेट आमच्या सरपणाच्या ढिगापर्यंत गेल्या होत्या आणि बाहेर पडलेल्या कुठेच नव्हत्या. त्या दिवशी चहा उशिरा झाला.

ऋतूंचं गणित साधारण असं. मे-जूनमध्ये दुपारची उघडी वाळू सापालाही भाजून काढते, तेव्हा तो बिळात किंवा दाट सावलीत असतो आणि अंधार पडल्यावर निघतो. डिसेंबर-जानेवारीत उलट, रात्री गारठा असतो म्हणून सकाळच्या कोवळ्या उन्हात झुडपाच्या कडेला शेकत बसतो. पावसात ओली जमीन टाळायला फुरसं झुडपावरही चढतं, तेव्हा फांदी बाजूला करतानाही काठीच. उंदरांच्या आणि सांड्याच्या, म्हणजे काटेरी शेपटीच्या सरड्याच्या, बिळांजवळ बसायचं नाही, तिथे नागही येतो. दगड किंवा ओंडका उचलायचा झाला तर पलीकडची कड धरून आपल्याकडे कलवा. मग खाली जे असेल त्याला बाहेर पडायची वाट पलीकडे मिळते आणि तुमच्यामध्ये दगडाची आडभिंत राहते.

झोपण्याबद्दल मी हट्टी आहे. जमिनीवर नाही, खाटेवर, आणि मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचून. कारण पिवणा. तिकडच्या गावांत सांगतात की हा साप झोपलेल्याच्या छातीवर बसून श्वास पितो. श्वास कुणी पीत नाही. ही सिंध मण्यार, आणि मण्यारीचा दंश इतका बारीक आणि बिनदुखीचा असतो की झोपमोडही होत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास अडतो. गोष्ट चुकीची आहे, पण ज्याने पहिल्यांदा सांगितली त्याने लक्षण बरोबर पाहिलं होतं. जमिनीवर झोपलेला कुणी सकाळी ‘डोळे उघडत नाहीत’ म्हणाला, तर खूण शोधत बसू नका, गाडी काढा. भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष वापरून करतात, आणि त्यातली मण्यार ही नव्हे. इथे जीव वाचवतो तो व्हेंटिलेटर, म्हणून जिथे तो आहे असंच रुग्णालय गाठायचं.

दंश झालाच तर काय, हे मी एकदाच जवळून पाहिलंय. आमच्यातल्या एका तरुण मुलाने वाळक्या खेजडीच्या, म्हणजे आपल्या शमीच्या, फांद्या उचलताना उजव्या हाताच्या बोटावर फुरसं चाववून घेतलं. त्याला खाली बसवलं आणि पहिली त्याची अंगठी काढली. तेल लावून, दोन मिनिटांत. अजून थोडा उशीर झाला असता तर सुजेत रुतली असती. कुणीतरी दंडाला आवळायला उपरणं काढलं, ते मी हिसकावून घेतलं आणि त्याचीच झोळी करून हात गळ्यात अडकवला. आवळायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ नाही. हात हलवायचा नाही, त्याला चालवायचं नाही. वेदनेला फार तर पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको, कारण फुरशाचं विष रक्त गोठूच देत नाही. सूज जिथवर आली तिथे पेनाने रेघ आणि बाजूला वेळ, दर पंधरा मिनिटांनी.

चूक आमची एकच झाली, पण मोठी. वाटेतल्या पहिल्या दवाखान्यात प्रतिविषाचं इंजेक्शनच नव्हतं आणि चाळीस मिनिटं गेली. तेव्हापासून मुक्काम ठरला की मी आधी फोन करून विचारते, सर्पदंशाचं इंजेक्शन आज शिल्लक आहे का आणि किती कुप्या. १०८ आहेच, पण ढाण्यांवर नेटवर्क असेलच असं नाही, म्हणून गाडी आणि चालक मुक्कामीच हवा. मोठ्या रुग्णालयात जायचं आणखी एक कारण आहे. आपल्याकडच्या प्रतिविषासाठी लागणारं विष मुख्यतः तमिळनाडूतल्या सापांचं असतं, आणि पश्चिम राजस्थानातल्या फुरशाच्या दंशावर ते कमी चालल्याच्या नोंदी जोधपूरच्या डॉक्टरांनी केल्या आहेत. रक्त चढवायची सोय तिथे लागू शकते.

मोठ्या रुग्णालयात त्याचं थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता उभं ठेवलं. मग नर्सने नळी कलती केली आणि रक्त पाण्यासारखं काठाकडे धावलं. तोवर तो मुलगा गप्पा मारत होता, हिरड्यांतून फक्त थोडं लाल दिसत होतं. इंजेक्शन सुरू झालं. मग दर सहा तासांनी नवी नळी. दुसरीतही रक्त पातळच, तिसरीत तळाशी थोडं धरलेलं. चौथी नळी पहाटे पाचला कलती केली तेव्हा रक्त जागचं हललं नाही.